हातचा एक

पुढच्यानं जाता जाता डावा हात वर केला : दोन बोटं.
म्हणजे माझ्यामागे अजून दोघे.
शेवटचा जो असतो तो नुसती मूठ दाखवतो : संपलं, या आता.
आमच्या भागात पोरांना
स्वतःचं नाक पुसता येण्याआधी हे येतं.
मला तर एकतीस हिवाळे येतंय.

सुपीरियर सरोवरावरून आलेला बर्फ तीन दिवस थांबला नव्हता.
रस्ता बंद. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून मी निघाले
जुन्या रेल्वेच्या वाटेनं, स्नोमोबाइलवरून.
उणे बावीस.
हेल्मेट लेकाचं, आतून त्याच्या च्युइंगगमचा वास.
मिसेस ऑस्टोलांचा हात पहाटे चारला
माझ्या हातात गार झाला होता,
आणि घरी शेगडीत लाकूड नव्हतं.

तांब्याच्या बंद खाणीपाशी दोन वाटा एकमेकींना छेदतात.
तिथे मी थांबले. खरंच थांबले.
(हे मी सगळ्यांना आधी सांगते,
जणू त्यानं काही फिटतं.)

दोन बोटं पाहिली.
एक गेला.
मग बर्फाचा धुरळा, पिठाचं पोतं फाटल्यासारखा,
आणि त्या धुरळ्यात दुसरा
मी मोजून टाकला, न पाहताच.
मूठ अजून यायची होती.
शाळेत बेरीज चुकायची तीही इथेच :
हातचा एक.

अंगठा दाबला. गाडी उसळली.
आधी दिवा दिसला की आधी आवाज आला, आठवत नाही.
आठवते त्याची स्की, माझ्या गुडघ्यापासून वीतभर,
आणि उडालेला माझा आरसा,
जो एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सापडला.
काचेला तडाही नाही.

तो झाडीत घुसला, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात.
इंजिन बंद पडलं. त्या शांततेत मी ओरडले,
"कोण आहेस?"
विचारायचं ते हे!
हेल्मेट निघालं : एमेट सारी. पंधरा वर्षांचा.
हा जन्मला तेव्हा त्याच्या आईला
मी माशाचा रस्सा नेऊन दिला होता.
"सॉरी, मिसेस लाहती," म्हणाला.
तो. मला.

थर्मासच्या झाकणातून आम्ही कॉफी प्यायलो,
निम्मी सांडली, बर्फात तपकिरी भोकं पडली.
तोवर त्याचा काका लॉयल मागे वळून आला.
ओरडला नाही. हातमोजा काढला
आणि त्या थंडीत उघडी दोन बोटं
माझ्या नाकासमोर धरली,
बालवाडीतल्या पोराला विचारतात तशी.
"दोन," मी म्हटलं.
"मग?"

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं म्हणतात.
नाही. वेळ अगदी वेळेवर आली होती.
त्या पोरानं फाट्याआधी वेग उतरवला होता,
आपली उजवी बाजू सोडली नव्हती,
आणि मी दिसल्यावर डोळे मिटले नव्हते.
दैवाचं नाव घेऊन
मी त्याचं श्रेय खाणार नाही.

चर्चच्या तळघरात, क्लबच्या बैठकीत,
कुणी विचारायच्या आत मीच उठून सांगितलं.
फाट्यावरच्या स्प्रूसच्या फांद्या छाटल्या.
केशरी पाटी लावली. ती मार्चमध्ये कुणीतरी चोरली.
फांद्या पुन्हा वाढताहेत.

आता मी मोठ्यानं मोजते, हेल्मेटच्या आत,
वाफेनं काच धुरकटते तरी.
मूठ दिसली तरी निघत नाही लगेच.
मूठ दाखवणाराही
कुठल्या तरी रात्रपाळीहून आलेला असतो.

परवा एकटीच चालले होते. फाट्यावर कुणी थांबलेलं,
ओळखू आलं नाही. मी मूठ दाखवली.
पुढे जाऊन वळून पाहिलं :
तो जागचा हलला नव्हता.
माझ्यामागचा धुरळा पुरता खाली बसेपर्यंत
तसाच थांबलेला.